गोठलेला इमल्शन पेंट परत वापरता येतो का? मदत हवी आहे

मंडळी, जरा अर्जंट आहे. बाहेरच्या स्टोअररूममध्ये रंगाचे डबे होते, थंडीत तिथलं तापमान शून्याच्या खाली गेलं आणि सगळं गोठून दगड झालं. दोन डबे ॲक्रिलिक इमल्शनचे आहेत आणि एक छोटा ऑइल पेंटचा. आता घरात आणून ठेवलेत, हीटरजवळ नाही, नुसते खोलीच्या तापमानाला, हळूहळू वितळू दिले.

इमल्शनचा एक डबा पूर्ण सुटलाय, वर पाणी आलं होतं पण काठीने तळापासून बराच वेळ ढवळल्यावर एकजीव झाला, फक्त मधेमधे बारीक कण दिसतात. दुसऱ्याचं मात्र पार चोथापाणी झालंय, कितीही ढवळा, गुठळ्या तशाच. तर पहिला गाळून भिंतीला मारला तर धरेल का, की नंतर पापुद्रे निघतील? दुसऱ्यात पाणी घालून काही होईल का? शेड मशीनवर मिक्स करून घेतलेली आहे आणि एक भिंत अर्धीच झालीये, म्हणून जीव अडकलाय. आणि ऑइल पेंटचं काय करू?

प्रतिसाद १:
दुसरा डबा सोडून द्या. इमल्शनमध्ये पॉलिमरचे (रंग भिंतीला धरून ठेवणाऱ्या प्लास्टिकसारख्या पदार्थाचे) बारीक कण पाण्यात वेगवेगळे तरंगत असतात, पाण्याचा बर्फ होताना ते एकमेकांवर दाबले जाऊन चिकटतात आणि एकदा चिकटले की वितळल्यावरही सुटत नाहीत, त्यामुळे पाणी, थिनर, मिक्सर कशानेच फरक पडणार नाही. बऱ्याच रंगांत ग्लायकॉल (पाणी सहज गोठू न देणारं द्रव) घातलेलं असतं म्हणून ते थोडंफार गोठणं सहन करतात, तुमचा पहिला डबा बहुधा तसाच वाचलाय. नायलॉनच्या कापडातून गाळा, पुठ्ठ्यावर किंवा कपाटामागे हात मारून पूर्ण वाळू द्या. खरखरीत लागला, चकाकी डागाडागाने आली किंवा नख लावल्यावर निघाला तर भिंतीला लावू नका. आंबट, कुजका वास येत असेल तर टेस्टसुद्धा नको.

ऑइल पेंटची काळजी नको, त्यात पाणी नसतं, थंडीने नुसता घट्ट होतो. उबेला आला की ढवळून वापरा, पण शेगडीजवळ चुकूनही नेऊ नका, पेट घेतो.

धागाकर्ता:
खूप आभार! पुठ्ठ्यावर लावून बघते. टेस्ट पास झाली तर उरलेली अर्धी भिंतच फक्त करू ना?

प्रतिसाद २:
नको, अर्ध्यावर जोड दिसेल, चकाकी थोडी जरी बदललेली असली तरी उजेडात लगेच कळतं. एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत अख्खी भिंत एकाच डब्यातून मारा, तेवढा पुरत नसेल तर तो कपाटाच्या आत वापरा आणि भिंतीसाठी डब्यावरचा शेड कोड दाखवून नवीन घ्या. खराब डबा मोरीत ओतू नका हं, भुसा नाहीतर वाळू मिसळून उघडा ठेवा, पूर्ण कडक झाला की मग टाका.