ब्रेक ऑइल आणि घाट : तुमचे अनुभव लिहा

रानवारा
काल शेजारच्या काकांच्या गाडीचं बॉनेट उघडलं, तर डबीत ब्रेक ऑइल कोऱ्या चहासारखं काळं. एकदम आंबेनळी घाट आठवला.
मे महिना. महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरत होतो, गाडीत आई-बाबा, लेक, सामान. चौथा गिअर आणि पाय सतत ब्रेकवर. प्रतापगडचा फाटा मागे पडला, पेडल मऊ लागायला लागलं, आणि एका वळणावर थेट तळाला गेलं. भराभर पंप केलं, दुसरा गिअर टाकला, हँडब्रेक ओढत डोंगराकडच्या गटारात चाक घातलं. अर्ध्या तासाने पेडल पुन्हा घट्ट, जणू काही झालंच नाही!
खाली मेकॅनिकने सांगितलं, हे ऑइल हवेतलं पाणी शोषतं. घाटात तापलं की त्याची वाफ होते. पाय नुसती वाफ दाबत बसतो, चाकापर्यंत जोर जातच नाही. पाच वर्षांत एकदाही बदललं नव्हतं. सर्व्हिसिंग मात्र दरवर्षी.

मीनल_ठाणे
बापरे! आई-बाबा घाबरले असतील ना? वाचूनच हात गार पडले.

रानवारा
आई अजून त्या घाटाने येत नाही.

पाना_दहाबारा
गॅरेज आहे माझं, म्हणून लिहितो. डॉट ३, डॉट ४ हे ब्रेक ऑइलचे प्रकार. नवं डॉट ३ किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी मुरलं की हा आकडा १४० वर येतो. डॉट ४ चा २३० वरून १५५. नुसत्या रंगावर जाऊ नका, स्वच्छ दिसणाऱ्यातही पाणी असतं. बहुतेक गाड्यांना दोन वर्षांनी बदला, गाडी उभी असली तरी. आणि फोडलेला जुना डबा वापरू देऊ नका, सीलबंद आपल्यासमोर फोडायला लावा.

कोयनाकाठ
कुंभार्लीला आमचे आजोबा एसटी चालवायचे. म्हणायचे, ज्या गिअरमध्ये घाट चढलास त्याच गिअरमध्ये उतर. बाकी चिपळूणला आता पाऊस कसाय?

सुगरण७२
पोळ्या लाटता लाटता लिहितेय. आमच्याकडे लेव्हल कमी झाली की हे वरून ओततात. चालतं का?

पाना_दहाबारा
नाही ताई. ब्रेकचे पॅड झिजले की लेव्हल आपोआप उतरते, आधी पॅड बघा. वर भरून ठेवलं तर नवे पॅड बसवताना उतू जातं आणि रंग खातं. आणि एकदम उतरली असेल तर गळती आहे, तशी गाडी चालवू नका. वरून ओतल्याने आतलं पाणीही जात नाही, चारही चाकांतून जुनं काढावंच लागतं.

सुगरण७२
पुढच्या उजव्या मडगार्डवरचा रंग गेलाय! डबी बरोबर त्याच बाजूला आहे. थांबा, यांना वाचायला देते.

मीनल_ठाणे
कोयनाकाठ, चिपळूणला माहेर आहे माझं, सकाळपासून धो धो. रानवारा, आमच्या गाडीचं मॅन्युअल शोधतेय. गणपतीला जायचंय.