जाहिरातवाले सासरे: तुमच्याकडच्या आठवणी लिहा ना

आमचे दादा (सासरे) गेले त्याला दिवाळीत वर्ष होईल. घरी त्यांचा विषय निघाला की सगळे एकदम बोलायला लागतात म्हणून म्हटलं इथेच लिहावं, आणि कुणाचे सासरे, सासूबाई जाहिरातीच्या लाईनमधे होते त्यांनीही लिहावं. मोठी नावं नकोत, घरातली माणसं हवीत.

दादा जे.जे. अप्लाइडचे (मुंबईचं उपयोजित कलेचं कॉलेज), मग रिटायर होईपर्यंत फोर्टातल्या एका एजन्सीच्या स्टुडिओत. कम्प्युटर यायच्या आधीचं काम. टाइपसेटिंगचे ब्रोमाइड, म्हणजे फोटोच्या कागदावर उमटवलेला मजकूर, यायचे, ते कटरने कापून रबर सोल्युशनने बोर्डावर चिकटवायचे, वर ट्रेसिंग पेपर, त्यावर रंगांच्या सूचना. रात्री नऊ वाजता लक्षात यायचं की वेलांटी चुकलीय, मग परत सेट करून कोण आणणार, दुसऱ्या ब्रोमाइडमधली वेलांटी कापून चिमट्याने उचलून तिथे बसवायची. तो चिमटा आणि छपाई तपासायचं लुप (छोटं भिंग) शेवटपर्यंत त्यांच्या खणात. घरात कुणाच्या बोटात कुसळ गेलं की डॉक्टर नाही, दादा. पोरं रडायची थांबायची कारण लुपमधून बघायला मिळायचं.

रविवारी पेपर आला की आधी नाटकांच्या जाहिराती. त्यातली कमल शेडग्यांनी काढलेली अक्षरं कापून वहीत चिकटवायचे. अक्षरकार र. कृ. जोशी तर त्यांचं दैवतच, उल्का या जाहिरात एजन्सीत असतानाची त्यांची कामं दाखवायचे आणि मी एकदा सहज म्हटलं की ऑफिसच्या पीसीवर मराठी मंगल फॉन्टमधे टाइप करते, तर म्हणाले "अगं, मग तू रोज र.कृं.च्याच अक्षरात लिहितेस की!" तो फॉन्ट र.कृं.नी केलाय हे मला माहीतच नव्हतं. आमची लग्नपत्रिका त्यांनी हाताने लिहिली होती, माझ्या माहेरी मात्र कुजबुज की मुलाकडचे छपाईचे पैसे वाचवतायत 😀

* (नागपूर)

माझे सासरे एजन्सीतले नव्हते, भिंती रंगवायचे. चालेल का? आम्ही त्यांना मामाजी म्हणायचो. अमरावती रोड, वर्धा रोड, मधली गावं, सिमेंट, बियाणं, विडी, साबण, सगळं रंगवलं त्यांनी. कंपनीकडून नमुना यायचा तळहाताएवढा, तो भिंतीवर चौकोन आखून मोठा करायचा. दोन माणसं रंगात भिजवलेलं सूत ताणून धरणार, मधून ओढून सोडलं की सटकन सरळ रेघ. भिंतवाला कधी पैसे मागे, कधी म्हणे बाकीच्या भिंतीलाही चुना मारून द्या.

माझं लग्न झालं तेव्हा फ्लेक्स आलेला. जे काम चार दिवसांचं ते मशीन तासात काढू लागलं आणि पोरांनी ब्रश सोडले. मामाजी चिडले नाहीत पण फ्लेक्सखाली कधी उभे राहायचे नाहीत, फोटोलाही नाही. गाडीत माझ्या बाजूला बसले की दर दहा किलोमीटरला "थांबा नं जवाईबापू, हे आपली आहे", आणि मी थांबायचो, उन्हातान्हात. अर्धी अक्षरं उडालेली, वर कुणाच्यातरी कोचिंग क्लासचं पोस्टर. ते बोट फिरवून सांगायचे इथं पिवळा कमी पडला होता म्हणून.

* (पुणे)

पेठेतली छोटी जाहिरात संस्था, एक टेबल, एक फोन. नाना म्हणजे सासरे. मुख्य धंदा छोट्या जाहिराती, जागा विकणे, वधूवर, आणि श्रद्धांजली. पेपरकडून एजन्सीला पंधरा टक्के कमिशन मिळायचं, ते श्रद्धांजलीवर नाना घ्यायचे नाहीत. सासूबाईंना हे कित्येक वर्षं माहीत नव्हतं, कळल्यावर दोन दिवस अबोला, कारण महिनाअखेरीला उसनवारी त्यांनाच करावी लागायची. मला सासूबाईंचंच बरोबर वाटतं खरंतर. पण संध्याकाळी उशिरा कुणी रडत आलं की नाना आधी चहा सांगायचे, मग तिथी, वार, वेळ तीनदा विचारून घ्यायचे. मजकुरातली विशेषणं काढून टाकायचे, कॉलम सेंटिमीटरने पैसे लागतात म्हणायचे.

* (नाशिक)

मी डेंटिस्ट, सासऱ्यांनी जाहिरात एजन्सीत बरीच वर्षं सिगरेट कंपन्यांचे अकाउंट, म्हणजे त्यांच्या जाहिरातींचं काम, सांभाळलेले. स्वतः ओढत नव्हते. आता बोला.

जेवताना आमची भांडणं व्हायची, खरी भांडणं, नवरा ताट घेऊन हॉलमधे जाऊन बसायचा. २००३ च्या कायद्याने तंबाखूच्या जाहिराती बंद झाल्या तेव्हा बाबा म्हणाले की बरं झालं आणि लगेच म्हणाले की कामं मात्र फार चांगली केली आम्ही. दोन्ही एकाच दमात. मी दवाखान्यासाठी सडलेल्या तोंडांच्या फोटोंचं पोस्टर केलेलं ते त्यांनी बघितलं आणि सरळ उलटं करून ठेवलं. "घाबरवलंस की माणूस मान फिरवतो, आणि मान फिरवली की गेलं गिऱ्हाईक." मग स्वतः करून दिलं, एक रिकामी खुर्ची, खाली "तोंड किती उघडतं? तीन बोटं आत घालून बघा". पेशंट वेटिंगमधे बसल्या बसल्या खरंच बोटं घालून बघतात, आणि ज्यांची जात नाहीत (गुटखा-सुपारीने तोंड कमी उघडायला लागतं) ते आत येऊन स्वतःच विचारतात. बाबांवरचा माझा राग पूर्ण गेला असं नाही हं.

* (न्यू जर्सी)

वाचून एवढं भरून आलं की ऑफिसात बसून लिहितेय. आमचे अप्पा रेडिओवाले. विविध भारतीवर १९६७ पासून जाहिराती सुरू झाल्या त्याच सुमाराला ते नोकरीला लागले, पुढे १९७६ ला दूरदर्शनवरही आल्या पण अप्पा टीव्हीला शेवटपर्यंत "ते चित्रवालं" म्हणायचे. काम काय, तर दहा सेकंद, वीस सेकंद, तीस सेकंद. दहाचे साडेदहा सेकंद झाले की कापा. स्पॉट, म्हणजे आपली जाहिरात, खरंच वाजला का हे बघायला घरी ट्रान्झिस्टर कानाला, हातात पेन्सिल.

त्यामुळे सगळ्याला वेळ लावायची सवय. इकडे आले होते तेव्हा मंडळाच्या गणपतीत आरती चालू असताना हे मागे उभे स्टॉपवॉच घेऊन, आणि प्रसादाच्या रांगेत अध्यक्षांना गाठून सांगितलं की तुमचं "सुखकर्ता" फार रेंगाळतं, दोन श्वास कमी घ्या. अध्यक्ष हसले नाहीत. पुढच्या वर्षी अप्पा नव्हते आले तरी आरती सुरू होताना त्यांनी माइकवर विचारलं, "अप्पांची सून आली आहे का? मग जरा पटपट म्हणूया."