मदत हवी आहे: बेकेलाइटच्या रेडिओचं कॅबिनेट फुटलंय (आणि फेव्हिक्विकचा घोळही झालाय)

नमस्कार मंडळी,

घराला रंग काढला होता. फळीवरचा आप्पांचा, म्हणजे माझ्या आजोबांचा रेडिओ उतरवताना हातातून निसटला आणि थेट फरशीवर. कुणाच्या हातातून ते विचारू नका, घरात अजून त्यावरच चर्चा चालू आहे.

रेडिओ व्हॉल्व्हचा (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्यांचा), डबा बेकेलाइटचा म्हणजे जुन्या कडक प्लास्टिकचा, चॉकलेटी रंगाचा. सांगली आकाशवाणी १९६३ ला सुरू झाली, त्याच सुमारास घेतलेला. डाव्या वरच्या कोपऱ्याचा तळहाताएवढा तुकडा निघालाय आणि त्याचेही तीन भाग झालेत. समोरच्या जाळीच्या सात आडव्या पट्ट्यांपैकी दोन गेल्या. एकीचा तुकडा मिळाला, दुसरी बहुतेक झाडूबरोबर गेली. तळापासून वर चढलेली एक चीर आहे, नख फिरवलं की लागते. मागचा पुठ्ठा कित्येक वर्षांपूर्वीच हरवलाय.

त्यात भाच्याने मला न विचारता कोपऱ्याचे दोन तुकडे फेव्हिक्विकने चिकटवून टाकले. एक तुकडा मिलिमीटरभर वर राहिलाय आणि कडेने पांढरी भुकटी धरलीय. आमचे फर्निचरवाले म्हणतात, एमसील भरून वरून डुको (फवाऱ्याचा चकचकीत रंग) मारून देतो, नवा दिसेल. मला नवा नकोय हो. आप्पांचाच हवाय.

आतलं नंतर बघू, आधी डबा. फेव्हिक्विक सुटेल का? नसलेली पट्टी कशी करायची? चीर पुढे जाऊ नये म्हणून काय करतात?

प्रतिसाद: मीटरबँड

आधी ते बेकेलाइटच आहे ना, एवढं बघा. त्या काळात पॉलिस्टायरीनचे डबेही सर्रास यायचे आणि दोघांचं औषध वेगळं. कानाच्या काडीला ॲसिटोन लावून आतल्या, न दिसणाऱ्या जागी घासा. चिकट झालं, काडीला रंग आला, तर पॉलिस्टायरीन. बेकेलाइटला ढिम्म काही होत नाही. ते एकदा साच्यात घट्ट झालं की पुन्हा वितळत नाही, विरघळत नाही. दुसरी खूण वासाची. गरम पाण्यात बुडवलेल्या फडक्याने तुटलेली कड चोळा, दवाखान्यासारखा वास येतो.

प्रतिसाद: धागाकर्ता

केलं. काडीला रंग नाही, चिकटही काही नाही. वासही आला, आई म्हणाली फिनेलसारखा.

प्रतिसाद: जुनी खटपट

मग निम्मं काम झालं म्हणा. ॲसिटोन बेकेलाइटला काही करत नाही, पण फेव्हिक्विकला मऊ करतं. जोडावर ॲसिटोनने भिजवलेला कापूस ठेवा, वरून प्लास्टिकची पिशवी गुंडाळा म्हणजे उडून जाणार नाही. अर्ध्या तासाने बघा, लागलं तर पुन्हा. हिसका मारू नका. खिडक्या उघड्या, गॅस बंद. आणि ॲसिटोन काढण्याआधी डायल, बटणं, सोनेरी नाव, सगळं लांब ठेवा. बटणं बेकेलाइटची असतीलच असं नाही. डायलच्या काचेवर मागून छापलेली अक्षरं तर साध्या ओल्या फडक्यानेही पुसली जातात. माझ्या एका सेटचा ३१ मीटर बँड मी असाच धुऊन काढलाय, तेव्हापासून स्टेशन अंदाजाने लावतो.

जोडायला ॲराल्डाइट, पण सावकाश घट्ट होणारं. पाच मिनिटांवालं घेतलंत तर तीन तुकडे जुळवेपर्यंत हातातच बसेल. आधी कोरडी जुळणी करून बघा. फुटलेल्या कडा अजिबात घासू नका, त्या खाचाच एकमेकींत बसतात. क्लॅम्पने आवळण्यापेक्षा सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून गुंडाळा, दाब सगळीकडून सारखा येतो.

रंगासाठी हार्डवेअरच्या दुकानात फरशीचं ऑक्साइड मिळतं. लाल आणि काळं, चिमूट चिमूट, ॲराल्डाइटमध्ये कालवा. तुमच्या डब्यापेक्षा एक छटा गडद ठेवा. फिकी रेघ लांबून दिसते, गडद रेघ सावलीत खपून जाते.

चिरेच्या अगदी टोकाला दीड मिलिमीटरचं भोक पाडा, हातड्रिलने, आतून. ताण टोकाशी साठतो म्हणून चीर पुढे सरकते. भोकाने टोकच गोल होतं. मग आतल्या बाजूने चिरेवर ग्लास फायबरचं कापड ॲराल्डाइटने बसवा. खरी ताकद त्या कापडाची, चिरेत भरलेल्या गोंदाची नव्हे.

पट्टीचं तर सोपं आहे, कारण सहा सारख्या पट्ट्यांची ती बहीण. शाबूत पट्टीवर सिलिकॉनचा साचा घ्या आणि त्यात रंगवलेलं ॲराल्डाइट ओता. कोपरा गेला असता तर उजव्याचा साचा डाव्याला चालला नसता. नशीब समजा.

आणि घासायचं ते फक्त भरलेल्या जागेपुरतं, तेही पाण्याने, १००० मग २००० नंबरचा पेपर. बेकेलाइटची चमक वरच्या पातळ सालीत असते. ती गेली की खालचा लाकडाचा भुसा उघडा पडतो आणि ब्रासो कितीही मारा, तो डाग मंदच राहतो. कोरडं घासू नका, ती धूळ छातीत जायला नको.

प्रतिसाद: फ्यूज उडाला

मला डुकोत काही वाईट दिसत नाही. कोण बघतंय एवढं जवळून?

प्रतिसाद: जुनी खटपट

@फ्यूज उडाला, धागाकर्ता बघतोय की.

प्रतिसाद: सिरीजचा दिवा

सगळे गोंदावर अडकलेत, म्हणून एक प्रश्न. आतल्या व्हॉल्व्हवर काय लिहिलंय?

प्रतिसाद: धागाकर्ता

पुसट आहे. यूसीएच ८१, यूएल ८४, एकावर यूवाय ८५.

प्रतिसाद: सिरीजचा दिवा

भीती होती तेच. यू मालिका म्हणजे एसी-डीसी सेट. काही ठिकाणी तेव्हा डीसी वीज असायची, दोन्हींवर चालावा म्हणून यात मेन्सपासून, म्हणजे घरच्या विजेपासून, आतला भाग वेगळा राखणारा ट्रान्सफॉर्मर नसतो. चासी (आतला पत्र्याचा सांगाडा) थेट मेन्सच्या एका तारेला जोडलेली. प्लग उलटा बसला, तर आतला अख्खा पत्रा २३० व्होल्टवर.

म्हणजे तुमचं कॅबिनेट नुसता डबा नाही, तेच इन्सुलेशन आहे. फुटलेल्या कोपऱ्यातून किंवा पट्टीच्या फटीतून बोट आत गेलं की संपलं. मागचा पुठ्ठाही शोभेचा नव्हता. तो आधी करून घ्या, भोकं पाडून, व्हॉल्व्हना हवा लागते. खालचे स्क्रू चासीत जातात, तेही जिवंत असू शकतात. बटणांच्या बाजूला बारीक स्क्रू असतो ना, त्यावर मेण भरलेलं असतं. घाण समजून ते खरवडलं नाहीत ना?

खात्री करायची तर प्लग बाहेर काढून, रेडिओचा स्विच चालू ठेवून, मीटरने प्लगच्या एकेक पिनेपासून चासीपर्यंत रोध मोजा. एका पिनेशी जवळजवळ शून्य आलं तर मी म्हणतो तेच. आणि एवढी वर्षं बंद असलेला सेट सरळ मेन्सला लावू नका. आतले कागदी कपॅसिटर गळके झालेले असतात, त्यांचा वेगळा धागा काढा.

प्रतिसाद: धागाकर्ता

मेण खरवडलं होतं. मीच. आज सकाळी टूथपिकने, मोठ्या हौसेने. मीटरवर एका पिनेशी शून्यच आलं. प्लग कापून बाजूला ठेवलाय, भाच्याला दाखवून. मेणबत्तीचे दोन थेंब भरले तर चालतील का?

प्रतिसाद: सिरीजचा दिवा

चालतील. व्हॉल्व्हच्या उबेने मऊ पडतील, तर अधूनमधून बघत जा. सुताराच्या लाखेच्या कांडीचा तुकडा मिळाला तर बरं.

प्रतिसाद: धागाकर्ता (बारा दिवसांनी)

फेव्हिक्विक सुटायला तीन खेपा लागल्या. कोपरा बसला, रेघ खिडकीच्या उजेडात दिसते, ट्यूबलाइटमध्ये नाही. चिरेच्या टोकाला भोक पाडताना हात कापत होता, पण झालं. पुठ्ठ्याऐवजी हार्डबोर्ड कापून घेतला, मागचे चार स्क्रू आईने सांभाळून ठेवले होते, डब्यात, जिऱ्याशेजारी. आत टपाल खात्याचं रेडिओ लायसन्सचं पुस्तकही सापडलं, आप्पांच्या सहीचं.

पट्टीचं मात्र पहिल्यांदा फसलं, थंडीने ॲराल्डाइट जाड झालं होतं. दुसऱ्यांदा नळ्या कोमट पाण्यात ठेवून मग कालवलं. तरी एका टोकाला मोहरीएवढा बुडबुडा राहिलाच, ते टोक आत वळवून बसवलंय. फोटो टाकतोय. सातातली नवी पट्टी कुठली ते ओळखा.

प्रतिसाद: फ्यूज उडाला

वरून तिसरी?

प्रतिसाद: धागाकर्ता

नाही :)