मदत हवी आहे: सुई टोचताना, उकाड्यात उभं राहून, रात्री लघवीला उठल्यावर शुद्ध हरपते. कारण कसं शोधायचं?

पाऊलवाट

धाकट्या भावासाठी विचारते आहे. वय 24, उंच, सडपातळ, कुठलंही औषध चालू नाही. रक्तदाब एरवी 104/66 च्या आसपास असतो. शुद्ध हरपते ती तीन प्रकारच्या वेळी: रक्त तपासणीसाठी सुई टोचताना, उकाड्यात बराच वेळ उभं राहावं लागलं तर, आणि मध्यरात्री झोपेतून उठून लघवीला गेल्यावर. आधी जांभया येतात, मळमळतं, घाम फुटतो, आवाज लांबून आल्यासारखे वाटतात, नजर कडेकडेने काळवंडत जाते आणि मग तो कोसळतो. अर्ध्या मिनिटाच्या आत डोळे उघडतो, माणसं लगेच ओळखतो. मागच्या वेळी पडल्यावर हातांना चार-पाच झटके आले, म्हणून घरात सगळ्यांना ती फिट वाटते आहे.

विचारायचं ते असं. या तिन्ही प्रसंगांचं मूळ एकच असू शकतं का? झटके आले म्हणजे अपस्मारच का? तपासणीसाठी रक्त द्यायची वेळ आली तर नेमकं काय करायचं? आणि हृदयाची काळजी कधी करायची? डॉक्टरांची वेळ घेतली आहे. जाण्यापूर्वी काय काय टिपून ठेवावं, तेही सांगा.

उंबरठा

मूळ एकच असण्याची शक्यता बरीच आहे. माणूस उभा राहिला की 500 ते 800 मिली रक्त पोटाच्या खालच्या भागात आणि पायांत उतरतं. मानेतल्या आणि महाधमनीतल्या दाब जोखणाऱ्या मज्जातंतूंच्या टोकांना हे लगेच कळतं. मग नाडी थोडी वाढते, पायांतल्या रक्तवाहिन्या आवळतात आणि मेंदूचा पुरवठा टिकून राहतो. भोवळीत, म्हणजे अशी थोड्या वेळासाठी शुद्ध हरपते तेव्हा, हे सगळं उलटं होतं: रक्तवाहिन्या सैल पडतात, व्हेगस मज्जातंतूमुळे नाडी मंदावते, दाब कोसळतो. मेंदूचा रक्तपुरवठा 6 ते 8 सेकंद तुटला तरी शुद्ध जायला तेवढं पुरे. आडवं पडताच रक्त परत वर येतं, म्हणूनच तो इतक्या लवकर भानावर येतो.

आता तिन्ही प्रसंग यात बसवून पाहा. उकाड्यात त्वचेतल्या रक्तवाहिन्या आधीच फुललेल्या असतात, घामाने पाणी गेलेलं असतं आणि स्थिर उभं राहिल्याने पोटऱ्यांचे स्नायू रक्त वर ढकलत नाहीत. रात्री अंथरुणाच्या उबेतून एकदम उठणं, भरलेलं मूत्राशय झटकन रिकामं होणं आणि त्यातही उभं राहून लघवी करणं, अशा तीन गोष्टी एकावर एक येतात. सुईच्या वेळी काय होतं ते थोडं निराळं आहे, त्यावर कुणी सविस्तर लिहील तर बरं.

झटक्यांविषयी. मेंदूला रक्त कमी पडलं की भोवळीतही हातपाय झटकतात, त्यामुळे झटके आले एवढ्यावरून अपस्मार ठरत नाही. फरक बारकाव्यांत असतो. भोवळीत माणूस आधी पांढराफटक पडतो, सैल होऊन कोसळतो, आणि झटके *नंतर* येतात, थोडेसे, बेताल. अपस्मारात अंग बहुधा आधी ताठरतं, झटके सुरुवातीपासून आणि एका लयीत असतात, मिनिटभर किंवा जास्त चालतात, चेहरा निळसर होऊ शकतो. झटके मोजता आले तर मोजा: दहापेक्षा कमी असतील तर कल भोवळीकडे, वीसपेक्षा जास्त असतील तर अपस्माराकडे. जिभेची *कड* चावली गेली असेल, किंवा शुद्धीवर आल्यावर बराच वेळ गोंधळलेलं असेल, तर तेही अपस्माराच्या बाजूने जातं. कपड्यांत लघवी झाली यावरून मात्र काही ठरवू नका, ती दोन्हींत होते.

तुम्ही दिलेलं वर्णन (आधी जांभया आणि घाम, झटके चार-पाच, भान लगेच) भोवळीशी चांगलं जुळतं. शिक्कामोर्तब अर्थात डॉक्टरच करतील.

सावली

वरचं सगळं पटलं, पण हृदयाचा प्रश्न मागे राहायला नको. वय कितीही असो, शुद्ध हरपली की निदान एकदा बारा लीडचा ईसीजी झालाच पाहिजे. काही मिनिटांची तपासणी आहे. लांबलेलं क्यूटी अंतर, ब्रुगाडा, डब्ल्यूपीडब्ल्यू (तिन्ही हृदयाची लय अचानक बिघडवू शकणारे विकार), हृदयातल्या विद्युत मार्गातला अडथळा यांच्या खुणा त्यात दिसू शकतात. सडपातळ, तरुण, एरवी ठणठणीत माणसातही हे आजार असतात, म्हणून 'वय लहान आहे' या भरवशावर ईसीजी टाळू नये.

पुढच्यापैकी एकही गोष्ट असेल तर नेहमीच्या वेळेची वाट न पाहता तातडीने दाखवायचं: व्यायाम *चालू असताना* किंवा पोहताना शुद्ध जाणं. आडवं पडलेलं असताना जाणं. कसलीच पूर्वसूचना न मिळता उभ्या उभ्या कोसळणं. आधी छातीत दुखणं, धाप लागणं किंवा हृदय एकदम भरधाव धडधडणं. फोन किंवा गजराच्या अचानक आवाजाने शुद्ध जाणं. जवळच्या नात्यात कुणाचा तरुण वयात, चाळिशीच्या आत, अचानक मृत्यू झालेला असणं. हृदयाचा आजार आधीपासून माहीत असणं. शिवाय काळी शौच, अचानक उठलेली भयंकर डोकेदुखी, पोटात तीव्र दुखणं किंवा गर्भारपण असेल, तर तेही त्याच दिवशी.

व्यायामात आणि व्यायामानंतर यातला फरक डॉक्टरांना नेमका सांगा. जोरात धावून एकदम थांबलं की पायांत रक्त साठतं आणि भोवळ येते. हे बहुतेक वेळा निरुपद्रवी असतं. धावताधावता कोसळणं वेगळं, ते हृदयाचं समजूनच तपासावं लागतं.

दीपमाळ

सुईचं मी सांगते. रक्त, जखम, इंजेक्शन यांच्या भीतीत शरीराची प्रतिक्रिया दोन टप्प्यांत होते. आधी नाडी आणि दाब दोन्ही चढतात, मग दोन्ही झपाट्याने उतरतात. बाकीच्या भीतींमध्ये हा दुसरा टप्पा सहसा येत नाही. म्हणूनच 'दीर्घ श्वास घे, अंग सैल सोड' हा नेहमीचा सल्ला इथे नेमका उलटा पडतो: दाब आधीच उतरत असतो आणि अंग सैल सोडलं की आणखी उतरतो. इथे अंग ताठ करायचं.

स्वीडनमधले मानसशास्त्रज्ञ लार्स-योरान ओस्ट यांनी 1980च्या दशकात यासाठी स्नायू ताणण्याची पद्धत बसवली. ती अशी. खुर्चीत बसून दंड, छाती-पोट आणि मांड्या एकदम घट्ट ताणायच्या. चेहऱ्यावर ऊब चढल्यासारखी वाटेपर्यंत तसंच धरायचं, त्याला 10 ते 15 सेकंद लागतात. मग ताण सोडायचा, पण पूर्ण ढिलं न पडता, एरवी बसतो त्या स्थितीपर्यंतच. 20 ते 30 सेकंद थांबून पुन्हा. असं पाच वेळा म्हणजे एक फेरी. दिवसातून चार-पाच फेऱ्या आठवडाभर आधी केल्या की ऐन वेळी अंगाला सवय झालेली असते.

चुकतं ते दोन ठिकाणी. एक, लोक श्वास रोखून ताणतात. श्वास रोखला की छातीतला दाब वाढून हृदयाकडे परतणारं रक्त उलट कमी होतं, तेव्हा ताणताना श्वास चालू ठेवायचा. दोन, ज्या हातातून रक्त काढायचं तो हातही ताणला जातो आणि शीर मिळत नाही. तो हात सैल ठेवून बाकीचं अंग ताणायचा सराव आधीपासूनच करावा.

रांगेत किंवा कार्यक्रमात उभं असताना जांभया सुरू झाल्या, तर पायांची कात्री करून मांड्या आणि नितंब आवळायचे. किंवा दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून कोपर बाहेर काढून हात विरुद्ध दिशांना ओढायचे. सगळ्यात खात्रीचं म्हणजे उकिडवं बसणं. उठताना मात्र हळू, आणि उठतानाच मांड्या पुन्हा आवळून. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत 223 रुग्ण होते. ज्यांना नेहमीचाच सल्ला दिला त्यांच्यातल्या सुमारे 51 टक्क्यांना पुन्हा भोवळ आली. ज्यांना या युक्त्याही शिकवल्या त्यांच्यात हे प्रमाण सुमारे 32 टक्के होतं. एकाही गोळीशिवाय एवढा फरक पडतो, म्हणून मी हे प्रत्येकाला शिकवा म्हणते.

पाऊलवाट

फार उपयोगी माहिती मिळाली, मनापासून आभार. दोन गोष्टी अजून विचारते. रक्त काढणाऱ्यांना आधी काय सांगायचं? आणि घरच्या यंत्रावर रक्तदाब कसा मोजला म्हणजे डॉक्टरांना त्याचा उपयोग होईल?

दीपमाळ

स्पष्ट सांगा: 'याची शुद्ध हरपते, आडवं झोपवूनच रक्त काढा.' यात लाजण्यासारखं काही नाही, त्यांच्यासाठी हे रोजचंच आहे. अर्धा तास आधी 500 मिली पाणी प्यायला द्या. उपाशीपोटी तपासणी असली तरी साधं पाणी बहुतेक वेळा चालतं, फक्त आधी विचारून घ्या. रक्त काढून झाल्यावर दहा मिनिटं आडवंच, मग दोन मिनिटं पाय खाली सोडून बसायचं, मग उठायचं. भोवळ सुई काढल्यावर, दाराकडे चालत जातानाही येते, तेव्हा लगेच एकट्याला सोडू नका.

उंबरठा

रक्तदाब असा मोजा. पाच मिनिटं पाठीवर शांत पडून राहायचं, तसंच एकदा मोजायचं. मग उभं राहायचं आणि पहिल्या व तिसऱ्या मिनिटाला मोजायचं, सोबत नाडीही लिहायची. उभं असताना हात लोंबता ठेवू नका. दंडाचा पट्टा हृदयाच्या उंचीला येईल असा हात टेबलावर किंवा कुणाच्या तरी आधाराने ठेवा. हात खाली राहिला तर आकडा खोटा जास्त येतो आणि खरी घसरण झाकली जाते. तीन मिनिटांत वरचा आकडा 20 किंवा खालचा 10 ने घसरला, आणि ही घसरण टिकून राहिली, तर ती उभं राहिल्याने दाब उतरण्याची खूण. दाब फारसा न उतरता नाडीच दहा मिनिटांत 30 किंवा त्याहून जास्त ठोक्यांनी वाढत असेल (12 ते 19 वयात 40), तर तो निराळा विकार असू शकतो, तेही सांगा. मोजताना शेजारी कुणीतरी हवं, पाठीमागे पलंग हवा.

एक मेख आहे. उंच, सडपातळ तरुणांत उठल्यावर पहिल्या पंधरा सेकंदांतच दाब 40 पेक्षा जास्त उतरून पुन्हा सावरतो, असंही होतं. पट्ट्याच्या यंत्राला एक मोजणी पुरी करायलाच त्याहून जास्त वेळ लागतो, त्यामुळे ते हे पकडू शकत नाही. घरचे आकडे चांगले आले म्हणून लक्षणं खोटी ठरत नाहीत. रात्रीच्या प्रसंगासाठी हे विशेष लक्षात ठेवा: आधी पलंगाच्या कडेला मिनिटभर बसायचं, पोटऱ्या दहा-पंधरा वेळा आवळायच्या, मग उठायचं, आणि लघवी बसूनच करायची. दारू प्यायली असेल त्या रात्री धोका वाढतो.

दिवसभरात एकूण 2 ते 2.5 लिटर द्रव पोटात जायला हवेत. मीठ वाढवण्याचा सल्ला काही वेळा दिला जातो, पण तो डॉक्टरांनी सांगितल्यावरच. उच्च रक्तदाब, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असणाऱ्यांनी ते करायचं नाही.

चाफेकळी

पडल्यावर काय करायचं यावर कुणी लिहिलं नाही, आणि खरी दुखापत तिथेच होते. शुद्ध जाणाऱ्याला लोक काखेत हात घालून उभं धरतात किंवा खुर्चीत बसवून ठेवतात. कृपा करून असं करू नका. डोकं वर राहिलं की मेंदूला रक्त पोचत नाही, बेशुद्धी लांबते आणि झटके येण्याची शक्यता वाढते. जमिनीवर सपाट झोपवा, पाय साधारण 30 सेंटिमीटर उचलून धरा, कॉलर आणि पट्टा सैल करा. तोंडात पाणी ओतू नका, दातांत काही घालू नका. ओकारी येत असेल तर कुशीवर वळवा. गर्भवती असेल तर डाव्या कुशीवर. श्वास नीट चालू आहे ना ते पाहा. नसेल तर ती भोवळ नव्हे, लगेच रुग्णवाहिका बोलवा आणि छातीवर दाब द्यायला सुरुवात करा. एखाद-दोन मिनिटांत भान आलं नाही किंवा डोक्याला मार लागला असेल, तरीही रुग्णवाहिका बोलवा. भान आल्यावर त्याची उठायची घाई असते. दहा मिनिटं उठू देऊ नका, कारण दुसऱ्यांदा पडणं बहुधा त्याच घाईत होतं.

निदान होईपर्यंत त्याने वाहन चालवू नये, शिडीवर चढू नये, एकट्याने पोहू नये. न्हाणीघराची कडी आतून लावू नये.

पाऊलवाट

नोंद कशी लिहू?

सावली

प्रत्येक वेळेचा एक कागद. पडण्याआधीच्या पाच मिनिटांत काय करत होता, उभा-बसला-आडवा यापैकी काय, खोली किती गरम, शेवटचं खाणं-पिणं किती तासांपूर्वी, झोप किती, दारू किंवा कुठली गोळी घेतली होती का, कुठली लक्षणं कोणत्या क्रमाने आली. मग ज्याने पाहिलं त्याच्याकडून: चेहऱ्याचा रंग, डोळे उघडे की मिटलेले, झटके किती आणि पडण्याआधी की नंतर, घड्याळाप्रमाणे किती सेकंद, भान आल्यावर पहिलं वाक्य काय बोलला. शक्य असेल तर पाहणाऱ्यालाच डॉक्टरांकडे सोबत न्या, कारण मधला भाग त्याला स्वतःला आठवणारच नाही.

इतकं लिहून नेलंत तर इतिहास, तपासणी, आडवं-उभं रक्तदाब आणि ईसीजी यांवरच बऱ्याचदा निदान होतं. टिल्ट टेबल, म्हणजे पट्टे बांधून 60 ते 70 अंशांच्या कोनात उभं ठेवून करायची चाचणी, शंका उरली तरच लागते. चोवीस तासांचा होल्टर, म्हणजे अंगावर बांधून हृदयाच्या ठोक्यांची सलग नोंद घेणारं यंत्र, तर भोवळ महिन्या-महिन्यांनी येत असेल तेव्हा बहुधा रिकामाच परत येतो. तो सुचवला गेला तर 'इतक्या विरळ लक्षणांसाठी जास्त दिवसांची नोंद घेता येईल का?' असं जरूर विचारा.

मोबाइलवर चित्रण करता आलं तर त्याचा फार उपयोग होतो. आधी त्याला सपाट झोपवा, मग दुसऱ्या कुणालातरी चित्रण करायला सांगा, चेहरा आणि दोन्ही हात चौकटीत येतील असं.