जुन्या घराच्या काँक्रीटच्या जमिनीला तडे: आधी काय बघायचं, मग कशाने भरायचं?

प्रश्न

घर चाळीसेक वर्षांचं आहे. तळमजल्याची जमीन काँक्रीटची, वर सिमेंटचा घोटलेला कोबा. पुढच्या खोलीत केसासारख्या बारीक भेगांचं जाळं आहे, ते मी लहानपणापासून बघतोय. काळजी मागच्या खोलीची आहे. तिथे बाहेरच्या भिंतीपासून हातभर अंतरावर, भिंतीला समांतर असा दोनेक मीटरचा तडा गेलाय. नख सहज आत जातं आणि अनवाणी चाललं की एक कड पायाला लागते. दोन वर्षांपूर्वी गवंड्याने त्यात सिमेंटचं पाणी ओतून दिलं होतं. पावसाळा संपेपर्यंत तडा त्याच जागी परत उघडला. आता वरून टाइल्स बसवायचा विचार आहे, पण तडा खाली तसाच ठेवून पैसे घालायला मन होत नाही. आई त्याच खोलीत राहते, तिला ठेच लागायची भीती वाटते. काय करावं?

प्रतिसाद १

पायाला कड लागते, हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं झालं. रुंदीपेक्षा तेच जास्त सांगतं. काँक्रीट वाळताना आकसतं, त्यातून येणारी भेग फाकते, पण तिच्या दोन्ही कडा एका पातळीत राहतात. पुढच्या खोलीतलं जाळं बहुधा त्यातलंच, आणि तेही फक्त कोब्याच्या वरच्या थरात असेल. एक कड खाली गेली असेल तर बहुधा खालचा भराव बसतोय. जोत्यात भराव घालताना थरांवर नीट पाणी मारून धुम्मस केलेली (ठोकून दाबलेली) नसेल, किंवा नंतर पाणी शिरून माती वाहून गेली असेल, तर जमीन अधांतरी राहते आणि वजनाने मोडते.

आत्ता काहीही भरू नका. तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी रेघ मारून तारीख लिहा. मध्यावर दोन्ही बाजूंना एकेक छोटा स्क्रू पक्का बसवा आणि दोन्ही स्क्रूंमधलं अंतर व्हर्नियर कॅलिपरने (मिलिमीटरचे अंशही मोजणारं साधन) दर महिन्याला मोजा. सरळ पट्टी आडवी ठेवून कड किती मिलिमीटर खाली आहे तेही लिहून ठेवा. मग हातोडीच्या दांड्याने ठोकत जा. भरीव आणि पोकळ आवाजातला फरक कानाला लगेच कळतो. पोकळ लागेल तेवढा भाग खडूने आखून घ्या.

घरातले सगळे नळ बंद करून पाण्याचं मीटर बघा. काटा फिरत असेल तर कुठेतरी पाणी गळतंय, कदाचित जमिनीखालच्या नळातून.

हे सगळं मातीवर टेकलेल्या जमिनीबद्दल झालं. वरच्या मजल्याचा स्लॅब असता तर मी आधी खालून छत बघायला सांगितलं असतं. तिथे तपकिरी डाग, सळईच्या रेषेतली भेग किंवा सुटलेले पापुद्रे दिसले, की सळई गंजत असते. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो आणि काँक्रीट फोडतो. तिथे वरून भेग बुजवण्यात अर्थ नाही, स्ट्रक्चरल इंजिनिअरच लागतो.

प्रतिसाद २

सिमेंटचं पाणी का टिकलं नाही ते सांगतो. ते पातळ, वाळताना स्वतःच आकसतं, आणि धुळीने भरलेल्या कडांना धरतही नाही. त्यात तडा हलता असेल तर कडक काहीही टिकत नाही. इपॉक्सी (दोन भाग मिसळल्यावर कडक होणारं चिकट रसायन) काँक्रीटपेक्षा मजबूत असते, म्हणून ती हलत्या तड्यात भरली तर शेजारी नवा तडा जातो. थांबलेल्या भेगेला पातळ इपॉक्सी उत्तम, हलत्याला पॉलियुरेथेन सीलंट, म्हणजे भेगेत भरायचा रबरासारखा ताणणारा पदार्थ.

सीलंटसाठी भेग कटरने सरळ खाचेसारखी उघडायची. इंग्रजी व्ही आकाराची नको, तिच्या पातळ कडा पुढे तुटतात. तळाला फोमची दोरी दाबून बसवायची, म्हणजे सीलंट फक्त दोन बाजूंना चिकटतो आणि ताणू शकतो. त्याची खोली रुंदीच्या साधारण निम्मी ठेवायची. कापताना उडणारी धूळ सिलिकाची असते, फुप्फुसाला कायमची इजा करते. साधा रुमाल पुरत नाही, धुळीसाठीचा चांगला मास्क लावा, आईंना त्या दिवशी दुसरीकडे ठेवा आणि कोरडा झाडू मारू नका.

प्रतिसाद ३

ओल तपासायला विसरू नका. दीड फूट चौरस प्लास्टिकचा कागद चारही कडांनी चिकटपट्टीने बंद करून रात्रभर ठेवा. खाली थेंब धरले किंवा कोबा काळपट पडला, तर ओल वर येतेय. बऱ्याच इपॉक्सी ओल्या काँक्रीटला नीट धरत नाहीत.

मूळ प्रश्नकर्ता, चार महिन्यांनी

सगळ्यांचे आभार. पुढच्या खोलीतलं जाळं जराही हललं नाही. मागचा तडा मात्र पावसाच्या दोन महिन्यांत १ मिमी फाकला आणि कड आणखी २ मिमी खाली गेली. भिंतीलगत हातभर पट्टा पोकळ वाजतो. बाहेर जाऊन पाहिलं, तर गच्चीचा पाइप तिथेच जोत्याशी पाणी सोडतोय. इतकी वर्षं कोणाच्या लक्षात आलं नाही. आता सीलंट भरू का?

प्रतिसाद १

अजून नको. आधी पाइप भिंतीपासून दूर न्या आणि जोत्याबाहेरच्या जमिनीला उतार द्या. बाहेरच्या भिंतीलाही तडे आहेत का, दारं-खिडक्या अडकायला लागल्यात का, ते पाहा. तसं असेल तर पायाही बसत असू शकतो, तेव्हा इंजिनिअरला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका. तसं काही नसेल तर पोकळ पट्टा तोडून काढा, भराव थराथराने ठोकून घ्या आणि तेवढंच काँक्रीट नव्याने घाला. किमान सात दिवस ते ओलं ठेवा. जुन्या-नव्याच्या सांध्यात सीलंट भरा. टाइल्स बसवताना तो सांधा टाइल्सच्या रेषेत येऊ द्या, वरून झाकू नका. स्क्रू पुढच्या पावसाळ्यापर्यंत शक्य असेल तिथे तसेच ठेवा, टाइल्स त्यानंतर. तोवर आईंच्या खोलीतली ती कड घासून उताराची करून घ्या, ते मात्र आजच.