कुत्र्याच्या कानाला वास येतोय, सारखं डोकं झटकतोय, काय करू?

शेरूची ताई:
शेरू लॅब्राडोर आहे, 4 वर्षांचा. गेले चार दिवस सारखं डोकं झटकतोय, मागच्या पायाने उजवा कान खाजवतोय, आज पाळी उलटून बघितली तर आत लालभडक, तपकिरी चिकट मळ आणि कुबट वास. मागच्या वर्षीही असंच झालेलं, तेव्हाचे ड्रॉप्स अर्धी बाटली उरलेत तेच घालू का? बड्सने साफ केलं तर चालेल?

मोत्याचा बाबा:
ताई जुने ड्रॉप्स अजिबात घालू नका प्लीज. कानाचा पडदा शाबूत आहे की नाही ते व्हेटने (प्राण्यांच्या डॉक्टरने) आत बघितल्याशिवाय कळत नाही, आणि फाटलेला असेल तर जेंटामायसिनसारखं औषध आत उतरून बहिरेपण येऊ शकतं. बड्स पण नको. कुत्र्याच्या कानाची नळी आधी खाली जाते मग आत वळते, बडने मळ त्या वळणात अजून ठासला जातो.
वर्णनावरून यीस्ट (बुरशी) वाटतंय पण वासावरून ठरवू नका, मळ काचेवर घेऊन मायक्रोस्कोपखाली बघायला सांगा. यीस्ट, बॅक्टेरिया, माइट्स (कानात होणारे अगदी बारीक किडे), प्रत्येकाचं औषध वेगळं.

ब्राउनीची मम्मी:
+1. आमच्या पिल्लाला माइट्स निघालेले, कॉफीच्या चोथ्यासारखा काळा कोरडा मळ होता. मांजरालाही औषध द्यावं लागलं, माइट्स एकाकडून दुसऱ्याला लागतात. पिवळा-हिरवा पू, घाण वास आणि हात लावू देत नसेल तर बहुतेक बॅक्टेरिया.

शेरूची ताई:
उद्याची अपॉइंटमेंट घेतली. तोवर काय करू? आणि हे परत परत का होतंय?

मोत्याचा बाबा:
तोवर कानात काहीच घालू नका, स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड तर नाहीच, आग होते बिचाऱ्याला. पण आज रात्री डोकं एका बाजूला कललं किंवा चालताना तोल जायला लागला तर उद्याची वाट बघू नका, आतल्या कानापर्यंत गेलेलं असू शकतं. झटकून झटकून पाळी उशीसारखी फुगली तर आत रक्त साठलंय, तेही लगेच दाखवा.
परत परत होण्याचं म्हणाल तर मोत्याला वर्षात तीनदा झालं. तिसऱ्या दिवशी बरा दिसायचा आणि मी औषध बंद करायचो, ती माझी चूक. कोर्स पूर्ण करा आणि संपल्यावर परत कान तपासून घ्या. पण मूळ कारण निघालं अ‍ॅलर्जी, त्यामुळेच पंजे सारखे चाटायचा. ती आटोक्यात आली तसे कान शांत झाले. लॅबना पोहायला आवडतं, पाण्यातून आला की कान कोरडे करायचे.
व्हेटने क्लीनर दिला तर तो नळीत भरून कानाच्या बुडाशी अर्धा मिनिट हलकं चोळा, मग त्याला डोकं झटकू द्या आणि वर आलेलाच मळ कापसाने टिपा.

शेरूची ताई:
शेरू पण पंजे चाटतो हो!! मला वाटायचं सवयच आहे त्याची. उद्या व्हेटना हे आधी सांगते.