भावाला कोलायटिस, गुडघाही सुजतो. 'लीकी गट'चं पॅकेज घ्यावं का?

कृष्णाकाठ

नमस्कार. माझा धाकटा भाऊ, वय 27, इस्लामपूरला ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये कामाला आहे. दिवाळीपासून त्याला जुलाब लागलेत. आधी नुसती आव पडायची, मग रक्त दिसायला लागलं. घरात सगळे मूळव्याधच धरून चालले होते. मिरची बंद करून झाली, अमीबाच्या गोळ्यांचा कोर्सही झाला. पहाटे चारला पोटात मुरडा येऊन उठतो आणि संडासकडे पळतो. मध्येच डावा गुडघा आणि घोटा सुजला. त्यावर वेदनाशामक गोळ्या सुरू झाल्या, त्यानंतर पोट आणखीच बिघडलं.

शेवटी मिरजेला कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीची तपासणी) केली. अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज आणि जखमा, असं निघालं; गुदाशय आणि त्याच्या वरचा सिग्मॉइडचा, म्हणजे मोठ्या आतड्याचा शेवटचा वळणदार भाग. हिमोग्लोबिन 9.2, आतड्याची सूज दाखवणारं शौचातलं कॅलप्रोटेक्टिन 860. मेसालामाइनच्या गोळ्या आणि रात्री घ्यायचा एनिमा दिलाय. गोळ्या घेतो, पण एनिमाच्या बाटल्या कपाटात तशाच पडून आहेत. रक्त थांबलंय, म्हणून आता गोळ्याही बंद करतो म्हणतोय.

त्यात आमच्या एका नातेवाइकांनी आईला पटवलंय की हे सगळं 'लीकी गट'मुळे, म्हणजे गळक्या आतड्यामुळे होतं. त्यांच्याकडे झोन्युलिनची तपासणी, गहू आणि दूध पूर्ण बंद, आणि आतडं 'सील' करणारी पावडर, महिन्याला साडेसहा हजार. आतडं गळकं होतं ही गोष्ट खरी आहे का? गुडघ्याचा पोटाशी काही संबंध असतो का? आणि गोळ्या बंद केल्या तर चालेल का?

माळरान

आमच्याकडे आवेवर कुड्याची साल आणि बेलफळाचा मुरंबा देतात. ताक भरपूर. आजोबांना गुण आलेला.

मिरजेची सिस्टर

ताई, मी एंडोस्कोपी विभागात नर्स आहे. दुर्बीण आत जाते तेव्हा डॉक्टरांच्या शेजारी उभी असते, त्यामुळे पडद्यावर रोज दिसतं त्यावरून सांगते. औषधाचा निर्णय डॉक्टरांचाच.

निरोगी मोठं आतडं आतून फिकट गुलाबी असतं, ओलसर चमकतं, आणि त्यावर पिंपळाच्या जाळीदार पानासारखं रक्तवाहिन्यांचं जाळं दिसतं. कोलायटिसमध्ये आधी हे जाळंच दिसेनासं होतं. अस्तर लाल, सुजलेलं, खरखरीत. दुर्बिणीचं टोक नुसतं घासलं तरी रक्ताचे थेंब उमटतात, वर पिवळसर चिकट स्राव. सूज गुदाशयापासून सुरू होते आणि सलग वर चढते. ती संपते तिथली सीमा कधीकधी इतकी स्पष्ट असते की पडद्यावर बोट ठेवून दाखवता येते. मुद्दाम हे सांगतेय, कारण बाहेर दिसणारं रक्त थांबल्यावरही पुष्कळांच्या आत हेच चित्र असतं, जरा कमी इतकंच. तुमचा भाऊ आत्ता बहुधा त्याच टप्प्यावर आहे.

आता गळक्या आतड्याचं. हे अस्तर म्हणजे पेशींचा एकच थर, दर तीन ते पाच दिवसांनी नवा होणारा. दोन पेशींमधली फट प्रथिनांच्या सांध्यांनी घट्ट बंद असते. वरून चिकट श्लेष्मा. मोठ्या आतड्यात त्याचे दोन पदर असतात आणि पेशींना लागून असलेला पदर जवळपास जंतुविरहित असतो. पलीकडे अब्जावधी जंतू, अलीकडे आपल्या प्रतिकारशक्तीच्या पेशी, मध्ये एवढाच आडोसा. कोलायटिसमध्ये श्लेष्मा पातळ होतो, सांधे सैल पडतात, जंतू अस्तराला भिडतात, त्याने सूज वाढते आणि सुजेतून सुटणारी रसायनं सांधे आणखी सैल करतात. म्हणजे आतड्याची भिंत झिरपते हे खरंच आहे, त्यात खोटं काही नाही. पण ती बंद होते सूज उतरल्यावर. वरून पावडर लावून ती सील करता येत नाही. मेसालामाइन जे करतं ते हेच, अस्तरावरची सूज उतरवतं.

झोन्युलिन म्हणजे पेशींमधले ते सांधे सैल करणारं प्रथिन. त्याचं संशोधन खरं आहे. इटलीतून अमेरिकेत गेलेल्या डॉ. अलेसिओ फसानो यांनी 2000 साली सिलिअॅक आजारात (यात गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होते) ते वाढलेलं दाखवलं. पण बाजारातली किट नेमकं कोणतं प्रथिन मोजतात यावरच पुढे संशोधकांनी शंका घेतली. त्या आकड्यावर कोणाचा उपचार ठरू नये. आजारी मुलाच्या आईची काळजी हेरून कोणी दरमहा साडेसहा हजार काढून घेतं, याचा मला मनापासून राग येतो.

गहू बंद करायच्या आधी एक गोष्ट नक्की करा. सिलिअॅक असेल अशी शंका असेल तर टीटीजीची (सिलिअॅक ओळखायची) रक्ततपासणी गहू खाणं चालू असतानाच करावी लागते. आधी गहू सोडला तर आजार असूनही तपासणी निगेटिव्ह येऊ शकते आणि मग सगळा गोंधळ.

गुडघ्याबद्दल: संबंध आहे आणि चांगला जवळचा आहे. या आजारात गुडघा, घोटा असे मोठे सांधे सुजतात आणि बहुतेक वेळा पोट शांत झालं की तेही शांत होतात. कमरेचं मात्र वेगळं. सकाळी उठल्यावर कंबर आखडणं, हालचाल केल्यावर मोकळी होणं, हे पोट बरं असतानाही चालू राहू शकतं, म्हणून तसं काही असेल तर डॉक्टरांना वेगळं सांगा. औषधाचा इतिहासही हाच संबंध दाखवतो. नॅना स्वार्ट्झ या स्वीडिश डॉक्टरबाईंनी 1940 च्या आसपास सल्फासालाझिन आणलं ते संधिवातासाठी, आणि गुण दिसला कोलायटिसच्या पेशंटना. मोठ्या आतड्यातले जंतूच ती गोळी फोडतात आणि त्यातून मेसालामाइन सुटतं. सांधे दुखत असतील तर आजही काही डॉक्टर तिचा विचार करतात. डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या मात्र स्वतःहून घेऊ देऊ नका, त्या आतड्याच्या अस्तराला इजा करतात. दुखलंच तर पॅरासिटामॉल चालेल का ते विचारा.

हिमोग्लोबिन 9.2 आहे, त्याकडे कोणी पाहिलंय का? रक्त गेलं हे एक कारण. दुसरं असं की सूज असताना यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक जास्त सोडतं आणि आतड्यातून लोह रक्तात जाण्याची वाट अडते. मग लोहाच्या गोळ्या घेऊन शौच काळी होते, पण हिमोग्लोबिन तिथंच. फेरिटिनच्या, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा दाखवणाऱ्या रिपोर्टवरही भुलू नका. एरवी 30 च्या खाली गेलं की कमी म्हणतात, पण सूज असताना 100 पर्यंत असलं तरी आत लोहाची चणचण असू शकते. सूज चालू आणि हिमोग्लोबिन 10 च्या खाली असेल तर शिरेतून लोह देणं पसंत करतात. हे डॉक्टरांकडे स्वतः विषय काढून विचारा.

डोळा लाल होऊन दुखणं, उजेड सहन न होणं, किंवा एकाच पायाची पोटरी सुजणं, अचानक धाप लागणं, यातलं काही झालं तर थांबू नका. आतड्याची सूज भडकलेली असताना शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो, आणि हे आपल्याकडे पेशंटला क्वचितच कोणी सांगतं.

गोळ्यांचं उत्तर: बंद करू नका. बरं वाटल्यावर चालू ठेवलेल्या गोळ्यांमुळेच आजार परत उसळण्याचं प्रमाण कमी होतं. वर्षातून एकदा क्रिएटिनिन बघायचं, मूत्रपिंडासाठी. आणि काही महिन्यांनी कॅलप्रोटेक्टिन परत करायचं. ते सुजेच्या जागी जमलेल्या पांढऱ्या पेशींमधलं प्रथिन आहे. साधारण 50 च्या आत नॉर्मल, 250 च्या वर असेल तर सूज चालू असण्याची शक्यता जास्त. जंतुसंसर्गाने आणि वेदनाशामक गोळ्यांनीही ते वाढतं, म्हणून तपासणीआधी काय काय घेतलं ते सांगायचं.

माळरान, ताक सोसत असेल तर खुशाल प्यावं. पण आजोबांची आव जंतूंची असेल आणि याची तशी नाही. काढे द्यायचेच असतील तर डॉक्टरांना कळवून, गोळ्या चालू ठेवून.

लालपरी

मी एसटीत कंडक्टर आहे, आजार हाच. सिस्टरांनी लोहाचं लिहिलंय ते शंभर टक्के. डेपोच्या जिन्याला धाप लागायची, लोक म्हणायचे वय झालं. सलाईनमधून लोह दिल्यावर काही आठवड्यांत उभ्यानं तिकिटं फाडायची ताकद आली. पोट भडकलं की मी मऊ भात, मुगाचं वरण, शिजवलेला दुधी, अंडं यावर राहतो. कच्ची कोशिंबीर, पेरू, मक्याचं कणीस बंद. पोट शांत झालं की ज्वारीची भाकरी आणि भाज्या हळूहळू वाढवतो, कायमचं पथ्य धरून वजन घालवत नाही. तुमच्या भावाला शोरूममध्ये साहेबांना आजाराचं नाव सांगायला सांगा. संडासला जायला परवानगी मागावी लागते तिथं माणूस आजार लपवतो आणि जेवणच सोडतो. माझ्या रूटवर कुठल्या स्टँडवरचा संडास उघडा असतो ते ड्रायव्हरलाही पाठ आहे.

कृष्णाकाठ

सिस्टर, दादा, खूप आभार. आईला सगळं वाचून दाखवलं. पावडर नको म्हणून कळवलं. भाऊ गोळ्या चालू ठेवायला तयार झालाय, सोमवारी लोहाचं विचारायला जातोय. एनिमाला मात्र ठाम नकार. म्हणतो गोळी खातोय ना, मग ते कशाला. लाजतोय हे कळतंय.

मिरजेची सिस्टर

ताई, त्याचा आजार अगदी खालच्या भागात आहे. गोळीचं औषध तिथं पोचेपर्यंत कमी उरतं, एनिमा थेट त्याच जागी जातो. दोन्ही मिळून एकट्या गोळीपेक्षा जास्त गुण येतो. आमच्याकडे येणारी तरुण मुलं जवळपास सगळी आधी नाही म्हणतात. तुम्ही समजावू नका, वहिनी किंवा आई तर नकोच. विभागातल्या एखाद्या ब्रदरला दाखवायला सांगा, पाच मिनिटांचं काम आहे.

झोपायच्या आधी संडासला जाऊन यायचं. बाटली हातात धरून कोमट करायची आणि चांगली हलवायची, औषध तळाशी बसलेलं असतं. डाव्या कुशीवर, डावा पाय सरळ, उजवा गुडघा पोटाकडे. टोकाला व्हॅसलिन, आणि हळू दाबायचं, एकदम नाही. मग अर्धा तास तसंच पडून राहायचं, जमलं तर रात्रभर आत राहू द्यायचं. पहिल्या काही रात्री टिकणार नाही, कारण सुजलेला गुदाशय काहीच धरून ठेवत नाही. सूज उतरेल तसं टिकायला लागतं, तोवर सोडून देऊ नये. आणि खाली जुना टॉवेल अंथरा, या औषधाचे डाग कपड्यावरून निघत नाहीत.